फोर-बाय-फोरचा शाफ्ट काढला, तर गाडीत नेमकं काय बदलतं?

नागपुरात फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देता येणाऱ्या, गाड्यांची हौस जुनी आहे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला जवळ असल्यामुळे जिप्सी इथल्या माणसाला लहानपणापासून माहीत असते. आता त्यात थार आणि जिम्नीची भर पडली आहे. पण यातल्या बहुतेक गाड्या वर्षाचे दहा-अकरा महिने सिमेंटच्या रस्त्यांवरच धावतात. कधी वर्धा रोड, कधी रिंग रोड, फार तर समृद्धी महामार्ग. मग पेट्रोलचं बिल पाहून, नाहीतर ट्रान्स्फर केसच्या (जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) दुरुस्तीचा आकडा ऐकून, एक प्रश्न हमखास निघतो: "भाऊ, पुढचा शाफ्टच काढून टाकला तर? टू-व्हील ड्राइव्ह होऊन जाईल ना गाडी?"

शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा फिरता दांडा. काही गाड्यांत तो काढल्यावर गाडी चालते, पण हाती फारसं काही लागत नाही. काही गाड्यांत शाफ्ट काढताच गाडी जागची हलत नाही. हा फरक पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये नेमकं काय बसवलं आहे, यावरून ठरतो.

आधी चारही चाकं ओढायला का लावतात ते पाहू. इंजिन कितीही ताकदवान असलं, तरी चाक जमिनीला ढकलू शकतं ते घर्षणापुरतंच. नागपूरच्या पश्चिमेला, कळमेश्वर-काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांकडे, दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून तयार झालेली काळी माती आहे. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीच्या थरांमध्ये पाणी शिरतं, ती फुगते आणि वंगणासारखी निसरडी होते. कोरड्या सिमेंटवर टायरचा घर्षणांक ०.७ ते ०.८ असतो. ओल्या काळ्या मातीत तो ०.२५ च्या आसपास आला असं धरू. गाडी १२०० किलोची असेल, तर चारही चाकं मिळून जेमतेम २९०० न्यूटन जोर लावू शकतात. ओढणारी चाकं दोनच असतील आणि त्यांच्यावर निम्मं वजन असेल, तर १४५० न्यूटन. आता दर दहा मीटरला एक मीटर चढणारा चिखलाचा रस्ता घ्या. चढासाठी सुमारे ११८० न्यूटन लागतात आणि चिखलात रुतणाऱ्या चाकांना पुढे रेटण्यासाठी साधारण तेवढेच आणखी. बेरीज होते २३५० च्या पुढे. फोर-बाय-फोर हा चढ चढून जाते. टू-व्हील ड्राइव्ह त्याच जागी चाकं फिरवत उभी राहते, मग बॉनेटखाली शंभर घोड्यांचं इंजिन असो की दोनशेचं.

हीच गाडी कोरड्या चौकात वळवली, की दुसरी अडचण समोर येते. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची लहान वर्तुळावरून. दोन्ही एक्सलमधलं (चाकांच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधलं) अंतर २.४ मीटर असेल आणि मागच्या एक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळत असेल, तर पुढच्या एक्सलची त्रिज्या पायथागोरसच्या प्रमेयाने ५.५५ मीटर येते. काटकोनात वळताना मागचा एक्सल ७.८५ मीटर जातो आणि पुढचा ८.७१ मीटर. म्हणजे एका वळणात ८६ सेंटिमीटरचा फरक. फोर-एचमध्ये, म्हणजे लिव्हर चारही चाकांना जोर देणाऱ्या जागी असताना, पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्ये एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. दोघांना सारखंच फिरावं लागतं, त्यामुळे हा फरक जिरायला जागाच राहत नाही. चिखलात टायर थोडे घसरतात आणि हिशेब आपोआप मिटतो. कोरडं सिमेंट टायरला घसरू देत नाही. मग शाफ्टना पीळ बसतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडते आणि लिव्हर टू-एचला, म्हणजे दोनच चाकांना जोर देणाऱ्या जागी, परत येत नाही. अशी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली की पीळ सुटतो. "फोर-बाय-फोरमुळे गाडी अडते, शाफ्ट काढा" ही तक्रार अनेकदा एवढ्याचीच असते. कोरड्या रस्त्यावर लिव्हर फोर-एचमध्ये राहून गेलेला असतो.

जिप्सी, जिम्नी, थार या पार्ट-टाइम फोर-बाय-फोर गाड्या आहेत. लिव्हर टू-एचमध्ये असताना इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो, म्हणजे गाडी आधीच टू-व्हील ड्राइव्ह असते. उरतो प्रश्न विनाकारण फिरणाऱ्या भागांचा. पुढचं चाक रस्त्यावर फिरतं, ते आपल्या हाफ-शाफ्टला (चाकाला जोडलेल्या आखूड दांड्याला) फिरवतं, हाफ-शाफ्ट डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याला) फिरवतो आणि डिफरन्शियल पुढच्या प्रोपेलर शाफ्टला (ट्रान्स्फर केसकडून येणाऱ्या लांब दांड्याला) चाकाच्या बाजूने फिरवत ठेवतं. कामाचं काही नाही, नुसतं फिरणं. या फुकट फिरण्यात पेट्रोल किती जातं, हे मोजण्यासारखं आहे.

सर्वसाधारण समज असा, की एवढा जड लोखंडी शाफ्ट फिरवायलाच खूप ताकद जाते. करून पाहू हिशेब. शाफ्ट ८ किलोची पोकळ नळी आहे, तिची त्रिज्या ३ सेंटिमीटर आहे आणि ती चाकाच्या चौपट वेगाने फिरते असं धरू. चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. या आकड्यांवरून तिची फिरण्याची जडता काढली, तर वेग घेताना ती गाडीत एक किलो वजन वाढवल्याएवढी भरते. आणि वेग एकदा स्थिर झाला, की तेवढाही भार उरत नाही. फिरणारी वस्तू फिरत ठेवायला ताकद लागत नाही, ताकद लागते ती तिला अडवणाऱ्या गोष्टींवर मात करायला.

अडवणाऱ्या गोष्टी असतात डिफरन्शियलच्या आत. जाड गिअर ऑईल दात्यांनी सतत घुसळलं जातं. बेअरिंगवर बसवतानाच दाब दिलेला असतो. ऑईल सीलची रबरी कड शाफ्टला घासत असते. हे सगळं मिळून पिनियनवर (डिफरन्शियलमध्ये शाफ्ट जोडलेल्या लहान गिअरवर) २ न्यूटन-मीटरचा अडथळा करतं असं मानलं, तर चाकाशी तो सुमारे २४ न्यूटन होतो. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. फक्त प्रोपेलर शाफ्ट काढला, तरी पुढची चाकं हाफ-शाफ्ट आणि डिफरन्शियलला फिरवतच राहतात. तेल घुसळणं थांबत नाही. आठ किलो वजन कमी झालं, एवढाच काय तो फायदा. घुसळणं खरोखर थांबवायचं असेल, तर चाक आणि हाफ-शाफ्ट यांचा संबंध तोडावा लागतो. ते काम चाकाच्या मध्यभागी बसवलेलं फ्री-व्हीलिंग हब करतं. जिप्सीत आणि जिम्नीत ते कारखान्यातूनच बसवलेलं येतं. हब मोकळं असलं, की पुढचं डिफरन्शियल आणि शाफ्ट जागीच उभे राहतात, आणि चिखल लागला की पुन्हा जोडता येतात. बहुतेकांना जे बदल करून हवं असतं, ते गाडीत आधीच बसवलेलं असतं. म्हणून गॅरेजमध्ये आधी हब नीट सुटतं-जुळतं का, ते तपासायला सांगावं.

समजा तरीही पुढचं सगळं उतरवलं. डिफरन्शियल, हाफ-शाफ्ट, प्रोपेलर शाफ्ट मिळून ६० किलो गेले असं धरू. सपाट रस्त्यावर त्याने टायरचा अडथळा फक्त ७ न्यूटनने घटतो. घुसळणं थांबल्याचे २४ न्यूटन त्यात मिळवले, तर बचत ३१ न्यूटन. आता गाडीला खरं कोण अडवतं ते पाहा. चौकोनी, उंच गाडीला ताशी ८० किलोमीटरला हवेचा विरोध सुमारे ३२५ न्यूटन होतो. समृद्धीवर ताशी १२० गाठले, की तोच ७३० च्या वर जातो, कारण हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. उलट, ८० ऐवजी ७० ने चालवलं, तर तो साधारण ७५ न्यूटनने कमी होतो. पुढचा अख्खा एक्सल काढून जे मिळतं, त्याच्या दुपटीहून जास्त पाय थोडा उचलल्याने मिळतं. शहरात हवेचा विरोध कमी असतो हे खरं, पण तिथे शंकरनगर चौक ते व्हरायटी चौक दर सिग्नलला थांबून पुन्हा वेग घेण्यात खरा खर्च होतो. ६० किलो कमी झाल्याने त्यातला विसावा भागच वाचतो.

आता दुसऱ्या जातीच्या गाड्या. लँड क्रूझर प्राडोसारख्या गाडीत चारही चाकं कायम ओढतात, तरी ती चौकात अडत नाही. कारण पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल असतं, सेंटर डिफरन्शियल. ते दोन्ही बाजूंना वेगळ्या गतीने फिरू देतं, पण जोर मात्र ठरलेल्या प्रमाणातच वाटतं. बंडीचं जू धुऱ्याला मधोमध बांधलेलं असतं, तसं हे आहे. एक बैल थोडा पुढे, एक थोडा मागे चालला तर चालतं. पण एका बाजूचा बैल सोडला, तर जू त्या बाजूला फिरतं आणि उरलेला बैल कितीही जोर लावो, बंडी जागची हलत नाही. सेंटर डिफरन्शियलच्या गाडीतून एक शाफ्ट काढला, की अगदी हेच होतं. मोकळ्या टोकाला अडवणारं काही नसतं, म्हणून ते सुसाट फिरतं, आणि जोडलेल्या टोकाकडे जोर पोचतच नाही. इंजिन चालू, गिअर टाकलेला, क्लच सोडलेला, आणि गाडी उभी.

प्राडोमध्ये टॉर्सन नावाचं चतुर डिफरन्शियल असतं. एक बाजू घसरू लागली, की ते दुसऱ्या बाजूला काही पटींनी जास्त जोर देतं. पण पटींनी म्हणजे घसरणाऱ्या बाजूवर जेवढा जोर टिकतो त्याच्या पटींनी, आणि शाफ्टच काढल्यावर तिथे जवळपास काहीच टिकत नाही. शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. अशा गाडीत लॉकचं बटण असेल, तर सेंटर डिफरन्शियल लॉक करून ती गॅरेजपर्यंत आणता येते. कायमचा बदल करायचा, तर त्या डिफरन्शियलच्या जागी घट्ट जोड बसवावा लागतो किंवा त्याचे गिअर वेल्डिंग करून एकजीव करावे लागतात. मग सगळा जोर एकाच एक्सलवर येतो. तो एक्सल आखताना मात्र नेहमीचा भार दोघांत वाटला जाईल, हे गृहीत धरलेलं असतं.

आडवं इंजिन असलेल्या एसयूव्हींचा प्रकार आणखी वेगळा. त्यांत मूळ गाडी पुढच्या चाकांची असते. गिअरबॉक्सला लागून असलेल्या एका डब्यातून मागे शाफ्ट जातो आणि मागच्या डिफरन्शियलजवळ इलेक्ट्रॉनिक क्लच लागेल तसा जोडला जातो. मागचा शाफ्ट काढला, तर अशी गाडी पुढच्या चाकांवर बरीच निमूट चालते. म्हणूनच क्लच जळाला, की तो बदलण्याऐवजी शाफ्ट काढण्याचा मोह होतो. पण तो का जळाला, ते आधी पाहावं. दोन टायर नवे आणि दोन झिजलेले असतील, तर त्यांच्या घेरात एक टक्क्याचाही फरक पुरतो. मग सरळ रस्त्यावर दर शंभर किलोमीटरमागे मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा एक किलोमीटर जास्त किंवा कमी फिरावं लागतं, आणि तो फरक क्लचला घासून, उष्णतेच्या रूपात सोसावा लागतो. मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत ती उष्णता बाहेर टाकणंही अवघड असतं. चारही टायर एकदम बदलले असते, तर क्लच वाचला असता.

शाफ्ट काढताना प्रत्येक भागाचं दुसरं कामही पाहावं लागतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच बाबतीत वाटते. आजच्या बहुतेक गाड्यांत स्वतंत्र सस्पेन्शन असतं, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. तिथे हाफ-शाफ्टचं बाहेरचं टोक हबमधून जातं आणि त्याचा मोठा नट हबच्या बेअरिंगला दाबून धरतो. अख्खा हाफ-शाफ्ट उपसून चाक परत लावलं, तर ते बेअरिंग दाबाशिवाय फिरतं, सैल होतं आणि चाकासकट निखळू शकतं. म्हणून जाणता मेकॅनिक बाहेरचा सीव्ही जॉइंट (हाफ-शाफ्टचा वाकूनही फिरणारा सांधा) सोडवून त्याचं टोक हबमध्येच ठेवतो आणि नट ठरलेल्या टॉर्कने आवळतो. दुसरं काम तेल अडवण्याचं. ट्रान्स्फर केसच्या तोंडातून शाफ्ट ओढून काढला आणि तिथे बूच बसवलं नाही, तर तेल वाहून जातं आणि आतले दाते कोरडे फिरून खलास होतात. तिसरं काम कंप्युटरचं. स्थैर्य राखणारी यंत्रणा कोणत्या चाकाला किती जोर जातो, हे गृहीत धरून ब्रेक लावते. तो अंदाजच चुकला, तर डॅशबोर्डवर दिवे पेटतातच, शिवाय पावसात वळणावर ती यंत्रणा ऐन वेळी बंद राहू शकते.

जीपमध्ये फोर-एलचा, म्हणजे चारही चाकांना लो गिअरने जोर देण्याचा, धोकाही लक्षात ठेवावा. लो गिअरमध्ये जोर वाढतो, पण तो दोन एक्सलमध्ये वाटला जाणार असतो. पुढचा शाफ्ट काढून फोर-एल टाकलं आणि मागची चाकं खडकावर घट्ट बसलेली असली, तर सगळा पीळ मागच्या हाफ-शाफ्टवर येतो आणि तो तुटतो.

कंपन्याही टू-व्हील ड्राइव्ह जीप करतात, पण फक्त शाफ्ट गाळून नाही. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने मागच्या चाकांवर चालणारी थार आणली, तेव्हा तिला ट्रान्स्फर केस ठेवली नाही आणि डिझेलमध्ये २.२ लिटरऐवजी १.५ लिटरचं इंजिन दिलं. गाडी स्वस्त झाली त्यात या लहान इंजिनामुळे लागणाऱ्या कमी कराचा मोठा हात होता. ती किंमत पाहून कोणी जुन्या फोर-बाय-फोरचा शाफ्ट काढायला निघाला, तर त्याच्या गाडीत ती बचत कुठूनच येत नाही.

कायद्याचंही पाहावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातली माहिती कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावलं. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी, गाडी एमएच ३१ ची असो, ४० ची की ४९ ची, आपल्या आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर हाती घ्यावं. अपघातानंतर दाव्याची पाहणी करणारा माणूस गाडीखाली वाकून पाहतो, आणि शाफ्ट जोडायची चकती, म्हणजे फ्लँज, रिकामा असेल तर लपत नाही.