ब्रिक्सचा आकडा आला कुठून?

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेची वजनी टक्केवारी सांगणारा आकडा) १८ लागला असं म्हणतात, तेव्हा त्यामागचं सूत्र आठवी-नववीतलंच असतं. द्राव्याचं वस्तुमान भागिले द्रावणाचं वस्तुमान, गुणिले शंभर. घोळ होतो तो भाजकात. १०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम साखर विरघळवली तर ते द्रावण २० टक्क्यांचं होत नाही, कारण द्रावणाचं वजन आता १२० ग्रॅम आहे. उत्तर येतं १६.६७ टक्के. खरं २० टक्क्यांचं हवं असेल तर पाणी ८० ग्रॅमच घ्यायचं.

कारखान्यात मात्र ही साखर कोणी तोलत नाही. रस उंच भांड्यात ओततात, त्यात काचेचा हायड्रोमीटर सोडतात, तो कुठपर्यंत बुडतो ते वाचतात आणि तापमानाची दुरुस्ती करतात. मोजली जाते घनता आणि लिहिली जाते वस्तुमानाची टक्केवारी. या दोहोंना जोडणारं कोष्टक कुणीतरी आधीच तोलून-मोजून ठेवलेलं आहे.

त्याची सुरुवात पॅरिसच्या एका औषधविक्रेत्यापासून धरता येईल. आंत्वान बोमे यांनी १७६८ मध्ये हायड्रोमीटरवर दोन खुणा केल्या: शुद्ध पाण्यात तो जिथे थांबतो तिथे शून्य, आणि १५ भाग मीठ व ८५ भाग पाणी अशा मिश्रणात थांबतो तिथे १५. मधलं अंतर सारखं वाटून घेतलं आणि त्याच मापाने पट्टी पुढे वाढवली. म्हणजे पाया वजनाच्या टक्केवारीचाच होता, पण १५ च्या पुढे तो आकडा मिठाची टक्केवारी सांगत नाही आणि इतर द्रावणांत तर कशाचीच नाही. तरीही बोमे टिकले. रस शुद्ध करायला लागणारं चुन्याचं दूध किती दाट आहे, हे कारखान्यात आजही बोमेच्या अंशांतच सांगतात.

साखरेला स्वतःचं माप मिळालं ते बीटमुळे. बर्लिनमध्ये आन्द्रेआस मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये बीटात उसासारखीच साखर असल्याचं दाखवलं. त्यांचे शिष्य फ्रान्झ आखार्ड यांनी १८०१ मध्ये सायलेशियातल्या कुनेर्न इथे बीटसाखरेचा कारखाना उभारला. पुढे जर्मन राज्यांनी बीटाच्या वजनावर कर बसवला. कर कंदावर आणि कमाई साखरेवर, म्हटल्यावर रसात नेमकी साखर किती हे कळणं कारखानदाराच्या जिवाभावाचं झालं. माझ्या मते या मापाला अचूकपणा आणण्यात रसायनशास्त्राइतकाच वाटा जकातीचाही आहे.

प्रागचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल बालिंग यांनी १८४३ मध्ये शुद्ध साखरेच्या द्रावणांची घनता आणि वस्तुमानाची टक्केवारी यांचं कोष्टक दिलं. १८५० च्या दशकात अडॉल्फ ब्रिक्स यांनी ते तपासून दुरुस्त केलं. हे गृहस्थ पेशाने गणिती आणि अभियंते, प्रशियाच्या सरकारी मापन विभागात काम करणारे. १९०० च्या सुमारास फ्रिट्झ प्लाटो आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजमापं केली. तिघांच्या कोष्टकांत फरक आहे तो दशांशचिन्हापुढच्या दूरच्या अंकांचा, पण नावं वाटली गेली: बिअरवाल्यांनी प्लाटो घेतले, साखरवाल्यांनी ब्रिक्स.

वस्तुमानच का? कारण ते गरम-थंड झाल्याने बदलत नाही. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर १०० मिली भरत नाही, तीनेक मिली कमीच पडतं. वजनांची बेरीज मात्र जशीच्या तशी राहते. (मद्याच्या बाटलीवर तरीही आकारमानाचीच टक्केवारी छापतात. गे-ल्युसॅक यांनी १८२४ मध्ये घालून दिलेली वाट कोणी सोडली नाही.) दोन्ही पद्धती मिसळल्या की हिशेब बिघडतो. २० ब्रिक्सच्या द्रावणाची घनता २० अंश सेल्सिअसला सुमारे १.०८१ असते. म्हणजे त्याच्या १०० मिलीचं वजन १०८.१ ग्रॅम आणि त्यात साखर २१.६ ग्रॅम, २० नव्हे.

पुढे एर्न्स्ट आबे यांनी येना इथे घडवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरमुळे घनतेच्या जागी प्रकाशाचं वक्रीभवन वापरता आलं. नाशिककडचा द्राक्षबागाईतदार तोडणीआधी मण्याचे दोन थेंब काचेवर पिळून गोडी बघतो, ती याच तत्त्वावर. पट्टी मात्र जुन्याच कोष्टकाशी जुळवलेली.

यातली खरी अडचण अशी, की कोष्टक शुद्ध साखरेचं आणि रस अशुद्ध. हायड्रोमीटरला क्षार, ग्लुकोज, साखर सगळं सारखंच. म्हणून ब्रिक्सच्या जोडीला ध्रुवणमापकावर ‘पोल’, म्हणजे त्यातली खरी साखर किती टक्के, हे काढतात आणि पोल भागिले ब्रिक्स, गुणिले शंभर, ही प्युरिटी. ब्रिक्स १८ आणि पोल १५ असेल तर प्युरिटी ८३.३. साखर काढून उरलेल्या दाट मळीत ब्रिक्स भरपूर दिसतो, पण प्युरिटी इतकी खालावलेली असते की त्यातून साखरेचा दाणा काढणं परवडत नाही.

उसाच्या एफआरपीसाठी (केंद्र सरकार ठरवतं तो उसाचा किमान दर) धरला जाणारा १०.२५ टक्के उतारा हीदेखील वस्तुमानाचीच टक्केवारी: १०० किलो उसामागे १०.२५ किलो साखर. इथे साखर पोत्यांत प्रत्यक्ष तोलली जाते. मात्र बी-हेवी मळी (जिच्यात अजून काढण्याजोगी साखर उरलेली असते) किंवा थेट रस इथेनॉलकडे वळवला, की न बनलेल्या साखरेचा हिशेबही उताऱ्यात धरावा लागतो, आणि तो पुन्हा प्रयोगशाळेतल्या ब्रिक्स-पोलच्या आकड्यांवरूनच मांडतात.