व्हिसा नाकारणं वेगळं, सार्वभौमत्वावर घाला वेगळा

परदेशाने आपल्याकडच्या कुणा बड्या माणसाला व्हिसा नाकारला, की ‘देशाच्या सार्वभौमत्वावर घाला’ अशी आरोळी ठरलेली. ऐकून कान किटले.

व्हिसाबद्दल फार सांगायला नको. तो परवानगी असतो, हक्क नव्हे. हातात पडला तरी विमानतळावरचा अधिकारी परत पाठवू शकतो. घोळ होतो तो सार्वभौमत्वापाशी. त्याचा भंग व्हायला परक्या सत्तेने आपल्या हद्दीत किंवा आपल्या शासनावर अधिकार गाजवावा लागतो. व्हिसा नाकारणारा देश स्वतःच्या हद्दीत कोणाला घ्यायचं एवढंच ठरवतो, म्हणजे सार्वभौमत्व वापरतो तोच.

एकाच माणसाचे दोन प्रसंग बघा. १८ मार्च २००५ रोजी अमेरिकेने गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना राजनैतिक व्हिसा नाकारला. फ्लोरिडातलं हॉटेलमालकांचं अधिवेशन हे सरकारी काम नव्हे, असं कारण दिलं. शिवाय त्यांचा आधीचा पर्यटन-व्यवसाय व्हिसा रद्द केला, तो धर्मस्वातंत्र्याच्या गंभीर पायमल्लीला जबाबदार परदेशी पदाधिकाऱ्यांना रोखणाऱ्या कलमाखाली. संदर्भ २००२ च्या दंगलींचा. मनमोहन सिंग सरकारने निषेध नोंदवला, आणि माझ्या मते योग्यच केलं. लोकनियुक्त मुख्यमंत्र्याचा तो अपमान होता. पण गांधीनगरच्या कारभारातली एक फाइलही त्यामुळे हलली नाही की अडली नाही. अपमान आणि अतिक्रमण यांतला फरक तो हाच.

सप्टेंबर २०१४. मोदी पंतप्रधान म्हणून अमेरिकेला निघालेले, आणि त्याच दंगलींवरून न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने त्यांच्या नावे समन्स काढलं. इथे मात्र सार्वभौमत्वाचा प्रश्न खरोखर आला. एका देशाचं न्यायालय दुसऱ्या देशाच्या पदावरच्या सरकारप्रमुखाला दिवाणी दाव्यात प्रतिवादी म्हणून उभं करू पाहत होतं. अमेरिकी सरकारनेच त्यांना पदावर असल्याने दाव्यापासून संरक्षण असल्याचं न्यायालयाला कळवलं आणि जानेवारी २०१५ मध्ये दावा निकाली निघाला. गंमत म्हणजे आरडाओरडा जास्त झाला तो २००५ च्या प्रकरणावर.

‘आमच्या न्यायालयाने दोषी ठरवलेलं नाही, मग ते कोण?’ हा युक्तिवाद तर मला अजिबात पटत नाही. व्हिसा नाकारायला दोषसिद्धी लागत नाही, आपल्यालाही लागत नाही. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य आयोगाच्या पथकाला भारताने व्हिसा दिला नाही. २००९ मध्येही दिला नव्हता. तो आपला अधिकारच होता.

या अधिकाराला वेसण असते ती देशाने स्वतः केलेल्या करारांची. अमेरिकेने १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी मुख्यालय करार केला आहे, म्हणून न्यूयॉर्कच्या मुख्यालयात संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी येणाऱ्यांना अडवता येत नाही. तरी १९८८ मध्ये पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांना व्हिसा नाकारला, आणि आमसभेने त्यांचं भाषण ऐकायला बैठक जिनिव्हाला हलवली. तिथेही बोट ठेवायचं ते करारभंगावर.