त्साराअत: बायबलमधल्या ‘महारोगा’चा माग

बायबलमधल्या ‘लेवीय’ ग्रंथाचे 13 आणि 14 हे दोन अध्याय बव्हंशी एकाच व्याधीवर खर्ची पडले आहेत. मूळ हिब्रूत तिचं नाव ‘त्साराअत’. मराठी बायबलमध्ये तिथे महारोग, कुष्ठरोग असे शब्द आले आणि वाचणाऱ्यासमोर झडलेली बोटं उभी राहिली. या अध्यायांत मात्र बोटं झडल्याचा किंवा अंग बधिर झाल्याचा उल्लेखच नाही. वर त्साराअत लोकरीच्या कापडाला होतो, चामड्याला होतो, घराच्या भिंतीलाही होतो. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की तेवढे दगड काढायचे, गिलावा खरवडायचा, नवे दगड बसवून पुन्हा लिंपायचं; तरी डाग उमटले तर घरच पाडायचं. आजचा वाचक याला बुरशी म्हणेल.

तपासायला वैद्य येत नाही, याजक म्हणजे पुरोहित येतो. औषध कुठेच सांगितलेलं नाही. डागातले केस पांढरे झालेत का, डाग कातडीपेक्षा खोल दिसतो का, हे पाहून तो शुद्ध-अशुद्ध ठरवतो. शंका असली तर सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा पाहतो. अशुद्ध ठरलेल्याचे हाल होतेच: फाटके कपडे घालून, ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडत वस्तीबाहेर राहायचं. पण सगळं अंग नखशिखान्त पांढरं पडलं तर माणूस शुद्ध! घर तपासण्याआधी याजक सामान बाहेर काढायला लावतो, कारण निकाल लागल्यावर तेही अशुद्ध धरलं जाईल. तोवर तीच भांडीकुंडी चालतात. पुढे इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात तर नवरदेवाला लग्नाच्या सात दिवसांपुरती तपासणीतून सूट आहे. लागणीची धास्ती असती तर भरल्या लग्नघरात ही सवलत कोण देईल? सोवळं-ओवळं ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना हा हिशेब लगेच कळावा.

यहुदी परंपरेनेही याकडे आजार म्हणून फारसं पाहिलं नाही. मोशेविरुद्ध बोलणारी त्याची बहीण मिर्याम बर्फासारखी पांढरी झाली, या कथेवरून रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, त्साराअतला चहाडी-निंदेची शिक्षा ठरवलं. 12 व्या शतकातल्या मायमोनिडीस या यहुदी धर्मपंडिताने, जो स्वतः वैद्य होता, स्पष्टच लिहिलं की कातडी, कापड आणि भिंत यांच्यातले हे बदल वेगवेगळे आहेत, नाव तेवढं एक.

घोटाळा भाषांतरात सुरू झाला. इसवी सनपूर्व 3 ऱ्या शतकात तोराचं, म्हणजे लेवीय ज्यात येतं त्या बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांचं, ग्रीक भाषांतर झालं, त्यात त्साराअतसाठी ‘लेप्रा’ हा शब्द आला. ग्रीक वैद्यांच्या लेखी लेप्रा म्हणजे खवले सुटणारे त्वचाविकार, म्हणजे आजच्या सोरायसिससारखे. खऱ्या कुष्ठरोगाला पुढचे ग्रीक वैद्य ‘एलिफंटायसिस’ म्हणत. पुढे जेरोम या ख्रिस्ती पंडिताने केलेल्या लॅटिन बायबलनेही लेप्राच ठेवला. मग 11 व्या शतकात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले, तेव्हा तिथल्या ‘जुधाम’लाही, म्हणजे कुष्ठरोगालाच, लेप्रा म्हटलं गेलं. झालं, लेवीयमधली अशुद्धता आता त्या रोग्यांच्या कपाळी आली. हान्सेनने 1873 मध्ये नॉर्वेत जंतू शोधला, त्या जंतूच्याही नावात ‘लेप्रे’ आहेच.

आपल्याकडे ‘कुष्ठ’ हा शब्दही असाच ऐसपैस. चरकाने कुष्ठाचे 18 प्रकार सांगितले, त्यांत दद्रू म्हणजे गजकर्णही मोडतं. आणि निरुपद्रवी पांढऱ्या डागांचं ‘कोड’ हे नावही कुष्ठावरूनच आलं.

मात्र कुष्ठरोग त्या भूमीत कधी नव्हताच, असंही नाही. जेरुसलेमजवळच्या पहिल्या शतकातल्या एका थडग्यात कफनात गुंडाळलेल्या पुरुषाचे अवशेष मिळाले. त्यांत कुष्ठाच्या जंतूचा डीएनए सापडल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, येशूने बरे केलेले दहा जण नेमके कशाने आजारी होते, हे तिथल्या ‘लेप्रा’वरून ठरवता येत नाही.