डेकला रंग देण्याची घाई

अमेरिकेत घरामागे नवा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, उभा राहिला की दोन सल्ले हमखास मिळतात. ट्रीटेड, म्हणजे औषध मुरवलेल्या, लाकडाला काहीच लावावे लागत नाही, असे एक जण सांगतो, तर दुसरा पहिल्या पावसाआधी रंग उरकून घ्यायला सांगतो. हे लाकूड कसे तयार होते ते पाहिले, तर दोघांचेही चुकते कुठे ते कळते.

पाइनच्या फळ्या बंद टाकीत ठेवून आधी पेशींमधली हवा खेचून घेतात आणि मग तांब्याची संयुगे असलेले द्रावण दाबाने आत घुसवतात. (तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे गाजलेले मिश्रण १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी शोधले होते. आर्सेनिकच्या धास्तीने २००३ अखेर अमेरिकेत घरगुती लाकडासाठी त्याचा वापर थांबला.) तांबे बुरशी आणि वाळवी रोखते, पण उन्हाने लिग्निनचे (लाकडाचे तंतू एकत्र बांधणाऱ्या द्रव्याचे) विघटन होऊन लाकूड करडे पडते आणि ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यात ते तडकते, त्यावर हा उपाय नव्हे.

बाजारातली अशी फळी पुष्कळदा ओलीच असते. लाकडातले पाणी पेशींच्या पोकळीत असते तसेच पेशीभित्तिकांत, म्हणजे पेशींच्या भिंतींतही असते. पोकळीतले पाणी उडून जाताना फळी नुसती हलकी होते. तिचे माप बदलत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, की भित्तिकांतील सेल्युलोजच्या तंतुकांना (सूक्ष्म धाग्यांना) हायड्रोजन बंधांनी धरलेले पाणी सुटू लागते, हे तंतुक एकमेकांजवळ सरकतात आणि फळी आक्रसते. हे आक्रसणे वर्षवलयांच्या दिशेने सर्वाधिक, खोडाच्या गाभ्याच्या दिशेने त्याहून कमी आणि लांबीत नगण्य असते, म्हणूनच फळीला बाक येतो. पाऊस पडला की हीच क्रिया उलट घडते. पृष्ठभागावर चिकटलेल्या रंगाच्या थराला ही हालचाल झेपत नाही, त्यात खालून बाहेर पडू पाहणारे पाणी त्याला उचलते आणि पोपडे सुटतात. लाकडाच्या आत मुरणाऱ्या पातळ रंगाचा, म्हणजे स्टेनचा, असा थर बनत नसल्याने तो फिका पडतो, पण सोलवटत नाही. मात्र छिद्रे पाण्यानेच भरलेली असतील, तर त्यालाही मुरायला जागा नसते. 'कायमस्वरूपी जलरोधक' अशी जाहिरात करणाऱ्या डब्यांवर विश्वास ठेवू नये, कारण कोणताही लेप बाष्पाचा वेग फक्त कमी करतो.

फळी पुरेशी सुकली का ते पाहण्यासाठी तिच्यावर पाणी शिंपडावे. थेंब तसेच राहिले तर थांबावे, थोड्या वेळात जिरले तर स्टेन लावायला हरकत नाही. कापलेल्या टोकांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिथे फळीचा औषध न पोहोचलेला आतला भाग उघडा पडतो आणि पाणीही तिथूनच सर्वांत झपाट्याने शिरते. त्यांवर आधी कॉपर नॅफ्थेनेट या तांबेयुक्त लाकूडरक्षक द्रावणाचा हात फिरवावा.