जीमेल सोडून खासगी मेलकडे जाताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल कारखानदार, युनिफॉर्म शिवणारे, नवी पेठेतले दुकानदार असे बरेच ग्राहक हल्ली आम्हाला विचारतात, की खासगीपणा जपणारी ई-मेल सेवा घ्यावी का. आमचे मत असे : घ्यावी, पण त्याआधी स्वतःच्या नावाचे डोमेन (मेल पत्त्यात @ च्या पुढे येणारे नाव) घ्यावे आणि जुने जीमेल खाते मुळीच बंद करू नये. तुमचा मेल फक्त ओटीपी आणि वीजबिलापुरता असेल, तर या खर्चात पडू नका. जीमेलला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा, तेवढे पुरे.

फरक कशात आहे

जीमेल असुरक्षित आहे असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका. चोरांपासून रक्षण करण्यात गूगल पुढेच आहे, आणि जाहिरातींसाठी मेलचा मजकूर तपासणे थांबवत असल्याचे त्यांनी 2017 मध्ये जाहीर केले. पण साध्या जीमेल खात्यातल्या मेलच्या किल्ल्या गूगलकडे असतात, म्हणजे मजकूर उघडण्याची सोय कंपनीकडे राहते. स्वित्झर्लंडचे प्रोटॉन मेल आणि जर्मनीचे टुटा (आधीचे नाव टुटानोटा) यांची रचना वेगळी आहे. तुमच्या पेटीत साठलेला मेल तुमच्या पासवर्डशिवाय उघडत नाही, तो कंपनीलाही वाचता येत नाही. त्यांची कमाई जाहिरातींवर नाही, ग्राहकांच्या वर्गणीवर चालते.

याला मर्यादा आहेत. तुम्ही प्रोटॉनवर आणि तुमचा खरेदीदार जीमेलवर असेल, तर त्याच्याकडे गेलेली प्रत गूगलच्याच सर्व्हरवर राहते. फारच नाजूक कागद असेल तर पासवर्ड लावून मेल पाठवता येतो. तो पासवर्ड मात्र फोनवर सांगावा. प्रोटॉनमध्ये मेलचा विषय पूर्ण कुलपाखाली नसतो, टुटामध्ये असतो. कायद्यापासूनही कोणी लपत नाही. 2021 मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला फ्रान्समधल्या एका आंदोलकाच्या खात्याचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला होता.

निर्यातदारांनी हे नीट वाचावे

माल तयार होतो, पॅकिंग लिस्ट जाते, पैसे यायची वेळ होते आणि परदेशी खरेदीदाराला तुमच्या नावाने मेल जातो : आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम या नव्या खात्यावर पाठवा. पैसे जातात, ते भलत्याच माणसाकडे. ही फसवणूक करणारा आधी तुमच्या किंवा खरेदीदाराच्या मेलमध्ये शिरतो, गुपचूप पत्रव्यवहार वाचत राहतो आणि योग्य वेळी मध्ये घुसतो. पुष्कळदा तो पत्त्यात एखादेच अक्षर बदलतो. घाईत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

खासगी मेल घेतल्याने हे आपोआप थांबत नाही, हे आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे. पासवर्ड चोराच्या हाती गेला, तर कितीही भक्कम कुलूप असून उपयोग नाही. दोन टप्प्यांची पडताळणी हवीच. खाते क्रमांक मेलवर बदलणार नाही, बदललाच तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून सांगू, असे प्रत्येक खरेदीदाराला आजच कळवून ठेवा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर (मेल आपोआप दुसरीकडे पाठवण्याच्या सोयी) उघडून पाहा. तुम्ही न घातलेला पत्ता तिथे दिसला, तर काहीही बदलण्याआधी आमच्याकडे या. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

डोमेन आधी

मेल सेवा कोणाचीही असो, पत्ता तुमच्या डोमेनवर असावा. जागा भाड्याची असली तरी पाटी स्वतःची असते, तसे हे आहे : उद्या सेवा बदलली, तरी पत्ता तोच राहतो. ही काळजी उगाच नाही. एप्रिल 2025 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कारवाई सुरू करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते. अशी वेळ आलीच, तर स्वतःचे डोमेन असणारा ग्राहक दुसऱ्या सेवेवर जाऊ शकतो.

डोमेन मालकाच्याच नावावर आणि त्याच्याच मोबाईल नंबरवर घ्या. वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर नको, आमच्याही नको. नूतनीकरण चुकू देऊ नका. मुदत संपलेले डोमेन दुसऱ्याने घेतले, तर तुमचे मेल त्याच्याकडे जाऊ लागतात. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी आम्ही डोमेनवर घालून देतो. त्यामुळे तुमच्या अगदी हुबेहूब पत्त्यावरून खोटा मेल पाठवणे अवघड होते.

पासवर्ड विसरला तर

प्रोटॉनचा पासवर्ड विसरून नवा घेतला आणि रिकव्हरीचे शब्द (जुने मेल परत उघडून देणारे) जवळ नसतील, तर जुने मेल कायमचे बंद राहू शकतात. टुटाचा रिकव्हरी कोडही तितकाच महत्त्वाचा. हे शब्द मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवू नका. कागदावर लिहा, भागीदारी करारपत्र जिथे ठेवता तिथे ठेवा आणि भावाला किंवा भागीदाराला ती जागा सांगून ठेवा. घरच्या धंद्यात सगळे एकाच माणसाला माहीत असते, त्याची आम्हाला खरोखर धास्ती वाटते.

बदल कसा करायचा

प्रोटॉनमध्ये जीमेलचे जुने मेल आणि कॉन्टॅक्ट आत आणायची सोय आहे. आउटलुक वापरत असाल तर प्रोटॉनच्या पैसे भरून घेतलेल्या योजनेतले ब्रिज हे सॉफ्टवेअर लागते. टुटा आउटलुकमध्ये चालतच नाही, त्याचेच ॲप वापरावे लागते. तुमच्या अकाउंटंटला हे आधी विचारा. स्वतःचे डोमेन जोडायलाही पैशाचीच योजना लागते, आणि कार्डाने पैसे भरणार असाल तर त्यावर परदेशी व्यवहार चालू असावे लागतात.

त्यानंतर नवा पत्ता कळवायचा तो पहिल्यांदा बँकेला, मग जीएसटी, आयकर, पीएफ इथे. आयात-निर्यात कोडची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावीच लागते, तेव्हा तिथला पत्ताही बदला. जीएसटीची 11 आणि 20 तारीख टाळा. युनिफॉर्मवाल्यांनी शाळा उघडण्याच्या हंगामात हे काम काढूच नये, दिवाळीनंतर निवांत करावे. जीमेल निदान वर्षभर रोज पाहत राहा. पुढेही अधूनमधून उघडत जा, कारण दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते.

आमच्याकडे येताना मालकाने स्वतः यावे, ओटीपी येणारा मोबाईल आणि बँक, सरकारी पोर्टल, खरेदीदार यांपैकी कुठे कुठे जुना पत्ता दिला आहे त्याची यादी सोबत आणावी. पासवर्ड आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवू नये. तो तुम्हीच आमच्यासमोर टाकायचा आहे.