‘हेतू कसाही असो, सेवा झाली ना?’ असं पौल म्हणालाच नाही

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पदावरून रस्सीखेच सुरू झाली की कुणीतरी हमखास बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा पहिला अध्याय काढतं. तिथे १८ व्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, निमित्ताने (म्हणजे ढोंगाने) असो वा खरेपणाने, ख्रिस्ताची घोषणा होते याचा मला आनंद आहे. म्हणजे हेतू तपासायची गरज नाही, असा अर्थ वर्षानुवर्षं सांगितला जातो. तो चुकीचा आहे.

पौल तेव्हा बंदीत होता. त्याला खिजवायला काही जण प्रचार करत होते. त्याचा आनंद शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, पोहोचल्याचा होता. त्यांच्या मत्सराला त्याने मत्सरच म्हटलं. १:१७ मध्ये (अध्याय १, वचन १७) त्यांच्या वृत्तीसाठी त्याने ‘एरिथेइया’ हा ग्रीक शब्द वापरला. मुळात मजुरीसाठी राबणं, पुढे पदासाठी कारस्थान करणं असा त्याचा अर्थ. ॲरिस्टॉटलनेही तो या दुसऱ्या अर्थाने वापरलाय. आणि २:३ मध्ये पौल तोच शब्द घेऊन सांगतो, या बुद्धीने काहीही करू नका. काहीही!

पौलाने आपला अहंकार बाजूला ठेवला, हे खरं. पण ते वचन आपल्या अहंकाराला परवाना नाही. वार्षिक अहवालात आपलं नाव राहून गेलं की पोटात कालवतं ना? तपासायचं तिथेच.