काजूचं टरफल आणि जहाजाचा रंग

काजू फोडणाऱ्या बायकांना टरफलातल्या तेलाची ओळख करून द्यावी लागत नाही. हाताला लागलं की कातडी सोलवटते. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, गुणही तसलेच. पण हेच जहाल तेल इपॉक्सी रंगांच्या धंद्यात मोलाचं आहे, आणि वेंगुर्ले-मालवणाकडे त्याची चर्चा फारशी होत नाही याची मला खंत वाटते.

इपॉक्सीच्या मुळाशी इपॉक्साइड आहे, म्हणजे दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनचं त्रिकोणी कडं. कार्बनच्या बंधांना एरवी सुमारे १०९ अंशांचा कोन मानवतो, इथे ते ६० अंशांत कोंबलेले असतात. वाकवून धरलेल्या बांबूसारखा ताण त्यात भरलेला असतो. अमाइन (नायट्रोजन असलेलं संयुग) भेटलं की कडं उघडतं आणि नवा, पक्का बंध जुळतो.

इपॉक्साइडांत सर्वाधिक बनणारं रसायन एथिलीन ऑक्साइड. एथिलीन आणि ऑक्सिजन २०० ते ३०० अंश सेल्सिअसला चांदीच्या उत्प्रेरकावरून नेतात. ही रीत फ्रान्सच्या तेओदोर लफोर यांनी १९३१ मध्ये शोधली. पॉलिएस्टरचा कच्चा माल त्यापासूनच होतो, सिरिंजही त्याने निर्जंतुक करतात. वायू कर्करोगकारक असल्याने सगळं काम बंदिस्त यंत्रणेत चालतं.

रंगाचं आणि गळक्या टाकीला लावायच्या एम-सीलचं रेझिन मात्र एपिक्लोरोहायड्रिन आणि बिस्फेनॉल-ए यांपासून बनतं. ते नुसतं घट्ट होत नाही, त्यात हार्डनर, म्हणजे ती कडी उघडून रेझिन घट्ट करणारं अमाइनसारखं रसायन, मिसळावा लागतो. काजू कामाला येतो तो इथे.

टरफलाचं तेल तापवलं की त्यातल्या अॅनाकार्डिक आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल मिळतं. त्याची फॉर्मल्डिहाइड आणि अमाइनशी अभिक्रिया केली की फिनाल्कामाइन हा हार्डनर तयार होतो. साधे अमाइन हार्डनर दमट हवेत दगा देतात, रंगावर चिकट पांढुरका थर येतो. कार्डेनॉलला मात्र १५ कार्बनांची तेलकट शेपटी असते आणि ती पाण्याला लांब ठेवते. त्यामुळे फिनाल्कामाइन घातलेला रंग थंडीत, अगदी ओलसर पोलादावरही धरतो. जहाजांच्या बांधणीत आणि दुरुस्तीत त्याला मागणी आहे ती यासाठीच. होडीच्या लाकडाला हे तेल चोळण्याची जुनी रीतही याच गुणावर उभी होती.

आपल्याकडे पुष्कळ टरफलं थेट बॉयलरखाली जातात. आधी घाण्यात तेल काढून घ्यावं. उरलेली पेंड बॉयलरला चालते, आणि तिचा धूरही डोळ्यांना कमी झोंबतो.